घरच्या घरी टायर रोटेशन: घाटरस्त्यांवर फिरणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

कोल्हापुरातून पश्चिमेला गाडी काढली की घाट चुकत नाही. रत्नागिरीला जायचं तर आंबा घाट, वैभववाडीकडे उतरायचं तर गगनबावड्याहून करूळ नाहीतर भुईबावडा, आणि लांब जायचं नसेल तरी पन्हाळा-जोतिबाची वळणं आहेतच. प्रत्येक वळणावर गाडीचा भार पुढच्या टायरांच्या कडेवर येतो. उतारावर ब्रेक दाबला की मागचं वजन पुढे सरकतं. त्यात आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. स्टेअरिंग, ओढ आणि बराचसा ब्रेक, सगळं काम पुढचे दोन टायर करतात. मागचे नुसते पाठोपाठ येतात.

त्यामुळे पुढचे टायर आधी घासतात आणि मागचे बऱ्यापैकी नवे राहतात. चाकांच्या जागा ठरावीक अंतराने बदलल्या तर चारही टायर साधारण एकसारखे झिजतात आणि सेट पूर्ण आयुष्य जगतो. यालाच टायर रोटेशन म्हणतात. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला हे करावं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि तोच पाळावा. घाटात वारंवार जाणं असेल तर मी ८,००० च्या पुढे थांबू देत नाही.

हे काम दुकानात पटकन होतं, मग घरी कशाला करायचं? माझ्या मते त्याचं खरं कारण पैसे वाचवणं हे नाही. घरी करताना प्रत्येक चाक हातात येतं. टायरची आतली बाजू, जी एरवी कधीच दिसत नाही, ती उजेडात बघता येते. आणि नट किती आवळले, हे तुम्हाला स्वतःला पक्कं माहीत असतं. या दोन गोष्टींसाठी एक सकाळ द्यायला हरकत नाही.

आधी टायर वाचा

जॅक काढायच्या आधी चारही टायरची खोली मोजा. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. खोली मोजायचं छोटं गेज कुठल्याही चांगल्या टूल्सच्या दुकानात मिळतं. मोजताना एकाच जागी मोजून थांबू नका. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागा मोजा आणि वहीत लिहा. पुढची चाकं बघताना स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की टायरचा आतला भाग दिसतो.

दोन्ही कडा घासल्यात आणि मध्य शाबूत आहे, तर गाडी कमी हवेवर चालली आहे. मध्य घासलाय आणि कडा उंच, तर हवा जास्त होती. एकच कड, विशेषतः आतली, जास्त गेली असेल तर अलाईनमेंट (चाकांचे कोन) बिघडलं आहे. हात टायरवरून आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर तेही अलाईनमेंटच. टायरवर ठरावीक अंतराने खड्डे-उंचवटे लागत असतील तर शॉकॲबसॉर्बर थकला असण्याची किंवा बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) गेल्याची शंका घ्या.

रोटेशनमुळे यातलं काहीही बरं होत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. अलाईनमेंट बिघडलेल्या गाडीत चाकं बदलली, तर पुढे आलेले चांगले टायरही त्याच पद्धतीने खराब होतील. आधी दोष काढा, मग चाकं फिरवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुढच्या आणि मागच्या टायरमधला फरक दीड-दोन मिलिमीटरच्या आत असेल तर बिनधास्त रोटेशन करा. पण कधीच रोटेशन केलेलं नाही, पुढचे ३ मिलिमीटरवर आलेत आणि मागचे ६ वर आहेत, अशी स्थिती असेल तर करू नका. कारण तेव्हा घासलेले टायर मागे जातील. मुसळधार पावसात रस्त्यावर पाण्याचा थर असतो, उथळ खाचांना ते पाणी बाहेर फेकता येत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. पुढचे टायर तरंगले तर स्टेअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला कळतं आणि वेग कमी करता येतो. मागचे तरंगले तर गाडीची शेपूट बाजूला सरकते आणि सावरायला वेळच मिळत नाही. गगनबावडा, राधानगरीकडचा जुलैतला पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा गाडीत चांगले टायर मागेच राहू द्या, पुढचे दोन संपले की नवी जोडी मागे बसवा आणि मागची पुढे आणा. रोटेशनचं वेळापत्रक त्यानंतर सुरू करा.

खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात. टायर घासत त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने कारसाठी तीच मर्यादा आहे. तिथे पोचलेला टायर कुठेही बसवू नका, तो बदला.

टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारी अक्षरं आणि आकडे असतात. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२२ असेल तर २०२२ सालचा २३वा आठवडा. हाही आकडा वहीत घ्या. बाजूच्या रबराला भेगा किंवा फुगवटा असेल तर खाचा कितीही खोल असोत, तो टायर बाद समजा.

कोणतं चाक कुठे जाणार

खडूने प्रत्येक टायरवर आकडा लिहा. गॅरेजची भाषाच वापरू. उजवी ती ड्रायव्हर साइड, डावी ती क्लीनर साइड. पुढचं क्लीनर साइडचं चाक १, पुढचं ड्रायव्हर साइडचं २, मागचं क्लीनर साइडचं ३ आणि मागचं ड्रायव्हर साइडचं ४.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत, म्हणजे स्विफ्ट, वॅगनआर, आय-ट्वेंटी, टियागो अशा बहुतेक गाड्यांत, पुढची दोन चाकं सरळ मागे जातात आणि मागची तिरकी पुढे येतात. १ मागे क्लीनर साइडला, २ मागे ड्रायव्हर साइडला, ३ पुढे ड्रायव्हर साइडला, ४ पुढे क्लीनर साइडला.

बोलेरो, स्कॉर्पिओ, ईको, इनोव्हा क्रिस्टा अशा मागची चाकं ढकलणाऱ्या गाड्यांत हे उलटं होतं. मागची दोन सरळ पुढे येतात आणि पुढची दोन तिरकी मागे जातात.

काही टायरच्या बाजूला फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. ते तिरके नेता येत नाहीत. त्याच बाजूला फक्त पुढचं मागे आणि मागचं पुढे करायचं. बाजूला ‘आउटसाइड’ असं छापलेले टायर तिरके नेले तरी चालतात, कारण रिमवर ते आधीच बरोबर बाजू बाहेर ठेवून चढवलेले असतात. पुढच्या-मागच्या टायरचा आकारच वेगळा असेल तर ही अदलाबदल करायचीच नाही.

जागा आणि सामान

सपाट, कडक जमीन हवी. काँक्रीटचं पार्किंग सगळ्यात चांगलं. पेव्हिंग ब्लॉकवर जॅकखाली ब्लॉक खचतो आणि जॅक तिरपा होतो, म्हणून १८ मिलिमीटर जाडीचा फूटभर लांब-रुंद प्लायवुडचा तुकडा खाली घ्या. मातीवर किंवा उताराच्या गल्लीत हे काम करू नका. दारात जागा सपाट नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दारात गाडी न्या, कुणी नाही म्हणणार नाही.

गाडीबरोबर आलेला जॅक आणि पाना, एक जॅक स्टँड (उचललेल्या गाडीला खालून आधार देणारी घोडी), चाकांना लावायला लाकडाच्या दोन पाचरी, तारेचा ब्रश, खडू, हवेचा गेज आणि टॉर्क पाना (नट ठरवलेल्या जोरानेच आवळता येतो असा पाना). पाचरी वखारीतून कापून आणा. विटा लावू नका, भार आला की विटेचा भुगा होतो. जॅक स्टँड आणि टॉर्क पाना या दोन गोष्टींवर मात्र कंजुषी नको. उद्यमनगर आपल्या गावात आहे, चांगलं हत्यार मिळायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. शिवाय तिथल्या कुठल्याही मशिनशॉपमधल्या माणसाला टॉर्क पाना दाखवून कसा वापरायचा ते विचारलंत, तर तो हातातलं काम बाजूला ठेवून समजावून सांगेल.

चाकाला लॉक नट (खास चावीनेच निघणारा नट) असेल तर त्याची चावी आधी शोधून ठेवा. ती बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या कप्प्यात नाहीतर स्टेपनीजवळ असते.

एक जॅक आणि स्टेपनी: कामाचा क्रम

चारही चाकं एकदम काढायला चार स्टँड लागतात. घरी ते नसतात आणि त्याची गरजही नाही. स्टेपनीला तात्पुरतं उभं करून एका वेळी एकच कोपरा उचलायचा. गाडी कधीही तीन चाकांपेक्षा कमी चाकांवर राहत नाही, हे या पद्धतीचं मोठं बळ आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी क्रम असा:

१. पुढचं क्लीनर साइडचं चाक (१) काढा, तिथे स्टेपनी बसवा.
२. मागचं क्लीनर साइडचं (३) काढा, तिथे १ बसवा.
३. पुढचं ड्रायव्हर साइडचं (२) काढा, तिथे ३ बसवा.
४. मागचं ड्रायव्हर साइडचं (४) काढा, तिथे २ बसवा.
५. पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर या, स्टेपनी काढा, तिथे ४ बसवा.

पाच वेळा गाडी उचलली की काम झालं. स्टेपनी आकाराने लहान असली तरी उभ्या गाडीला काही वेळ आधार द्यायला चालते. फक्त मध्येच गाडी हलवायची नाही.

तुमची स्टेपनी बाकी चाकांच्याच मापाची, त्याच रिमची आणि त्याच वयाची असेल तर तिलाही फेऱ्यात घ्या. मग काम आणखी सोपं होतं. मागे ड्रायव्हर साइडला स्टेपनी, तिथलं ४ पुढे क्लीनर साइडला, तिथलं १ त्याच बाजूला मागे, तिथलं ३ पुढे ड्रायव्हर साइडला आणि तिथलं २ डिकीत. चार उचलण्यांत पाचही टायर फिरतात. पण वर्षानुवर्षं डिकीत पडून राहिलेली स्टेपनी, खाचा नव्या असल्या तरी, पुढे लावून घाटात नेऊ नका.

आता एका कोपऱ्याचं काम सविस्तर बघू, बाकीचे तसेच.

हँडब्रेक पूर्ण ओढा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. नुसत्या गिअरवर विसंबू नका. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) गिअर गाडीला धरून ठेवत नाही, तेव्हा सगळा भरवसा मागच्या हँडब्रेकवर असतो. मागचा कोपरा उचलता तेव्हा हँडब्रेकने धरलेलं एकच चाक जमिनीवर राहतं. म्हणून ज्या कोपऱ्यावर काम आहे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून पाचर लावा. गाडीत कुणी बसलेलं नको. मुलांना घरात ठेवा.

गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा. चाक हवेत असताना पान्यावर जोर दिला तर गाडी जॅकवरून सरकू शकते.

जॅक कुठे लावायचा ते पुस्तिकेत चित्रासह असतं. दरवाजांखालच्या पत्र्याच्या जोडावर, पुढच्या चाकाच्या थोडं मागे आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे दोन खाचा केलेल्या असतात. जॅकचं डोकं त्या दोन खाचांच्या मधोमध बसवा. इतरत्र लावलात तर पत्रा वाकतो. टायर जमिनीपासून दोन बोटं वर आला की थांबा. मग जॅकच्या शेजारी, त्याच मजबूत जोडाखाली स्टँड सरकवा आणि अगदी थोडी फट ठेवून त्याची उंची पक्की करा. जॅक घसरलाच तर गाडी स्टँडवर थांबेल. शिवाय मोकळं असलेलं चाक आडवं करून पत्र्याखाली सरकवून ठेवा. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये.

नट काढून एका ताटलीत ठेवा, मातीत नको. पावसाळ्यानंतर लोखंडी रिम गंजून हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) चिकटते आणि नट काढले तरी चाक निघत नाही. जॅकवरच्या गाडीच्या चाकाला लाथ मारू नका. दोन-तीन आटे धरतील इतके नट पुन्हा लावा, स्टँड आणि खाली सरकवलेलं चाक बाजूला घ्या, गाडी हळूच खाली सोडा आणि बाहेरून गाडीला आडवं हलवा. रिम सुटल्याचा आवाज येतो. मग पुन्हा उचलून चाक काढा.

चाक निघाल्यावर घाई करू नका. या कामात डोळ्यांना सगळ्यात जास्त काम इथे आहे. टायरची आतली भिंत बघा, कट किंवा फुगवटा आहे का. खाचांत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरने काढा. रिमच्या आत चिखल बसला असेल तर खरवडून धुवा. उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवरून गेलेल्या गाडीच्या रिममध्ये तो हमखास सापडतो, आणि त्याच्या वजनाने स्टेअरिंग थरथरतं. ब्रेक पॅड किती उरलेत ते दिसतं. पुढच्या चाकामागे ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) रबरी बूट असतो, तो फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर लगेच गॅरेज गाठा. शॉकॲबसॉर्बरवरून तेल ओघळलंय का तेही बघा.

हबचा सपाट भाग आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने साफ करा. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर नट घट्ट लागल्यासारखे वाटतात, आणि गाडी चालली की तो चुरा होऊन नट सैल पडतात. बोल्टच्या आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावायचा मोह टाळा. तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

चाक बसवताना उकिडवे बसा आणि ते पायाच्या चवड्यावर टेकवून वर घ्या, कंबर वाचते. स्कोडा, फोक्सवॅगनच्या गाड्यांत नटांऐवजी बोल्ट असतात, तिथे भोकं जुळवायला दुसरा माणूस सोबत असेल तर बरं. सगळे नट आधी बोटांनी फिरवा. बोटांनी सहज फिरत नसेल तर आटा तिरपा धरलाय, काढून पुन्हा लावा. पान्याने रेटलंत तर आटे जातात. मग पान्याने समोरासमोरच्या क्रमाने हलकेच आवळा. चार नट असतील तर एक आणि त्याच्या तिरक्या समोरचा. पाच असतील तर एक सोडून एक, म्हणजे चांदणी काढल्यासारखं.

स्टँड आणि आडवं ठेवलेलं चाक काढून घ्या, गाडी खाली सोडा आणि चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने त्याच क्रमाने अंतिम आवळणी करा. एका झटक्यात नको, दोन टप्प्यांत. तात्पुरत्या स्टेपनीला मात्र साधं आवळणं पुरतं.

किती आवळायचं

आकडा गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन मीटरमध्ये दिलेला असतो. छोट्या आणि मध्यम गाड्यांत तो साधारण ८५ ते १३० च्या दरम्यान असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडाच घ्या.

टॉर्क पाना नसेल तर हिशोब करता येतो. १०० न्यूटन मीटर हवे असतील आणि पान्याचा दांडा २५ सेंटिमीटर असेल, तर टोकावर साधारण ४० किलोचा जोर लागतो. म्हणजे हाताने अंग टाकून दाबणं पुरे आहे. ७५ किलोचा माणूस त्याच दांड्यावर नुसता उभा राहिला तरी जवळजवळ १८५ न्यूटन मीटर होतात, उड्या मारल्या तर विचारायलाच नको. बोल्ट ताणले जातात, ब्रेकची डिस्क वाकू शकते. हवेच्या गनने वाटेल तसे आवळलेले नट तर रात्री घाटात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने सुटतच नाहीत. आई-वडील, लहान मुलं गाडीत असताना ही वेळ कुणावर येऊ नये, म्हणून मी टॉर्क पान्यासाठी इतका आग्रह धरतो.

जागेवर बसल्यावर

हवा लगेच तपासा. बऱ्याच गाड्यांत पुढचा आणि मागचा दाब वेगळा असतो, आणि आता पुढचं चाक मागे गेलंय. आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतो. हवा टायर थंड असताना भरायची. स्टेपनीतही भरा, तिची आठवण एरवी कुणाला होत नाही. चाकागणिक हवेचा दाब दाखवणारी गाडी असेल तर काही मॉडेलमध्ये चाकांच्या नव्या जागा तिला शिकवाव्या लागतात. नाहीतर पंक्चर मागच्या चाकाला आणि इशारा पुढच्या चाकाचा येतो.

पहिली फेरी हळू मारा. ५० ते १०० किलोमीटर झाले की टॉर्क पाना पुन्हा लावा. जोतिबाला दोनदा जाऊन आलात की साधारण ते अंतर भरतं. एखादा नट थोडा फिरला तर आवळा. परत परत सैल होत असेल तर गाडी चालवू नका, हब आणि आटे दाखवून घ्या.

हायवेला ८०-१०० च्या वेगात स्टेअरिंग थरथरू लागलं, तर मागे असताना न जाणवलेला बॅलन्सिंगचा दोष आता पुढे आला आहे. बॅलन्सिंग करून घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा पुन्हा बघा, मग पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा. बाणाचे टायर असतील तर ही अदलाबदल करता येत नाही, थेट अलाईनमेंट करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे, तीच राहिली तर अलाईनमेंटमध्ये.

वहीत तारीख, किलोमीटर आणि प्रत्येक टायरच्या तीन जागांची खोली लिहून ठेवा. पुढच्या वेळी वजाबाकी केली की हजार किलोमीटरला किती मिलिमीटर जातंय ते कळतं, आणि या जूनपर्यंत टायर पुरतील का, याचं उत्तर मार्चमध्येच मिळतं.